वाचक विचारतात: चहा स्वस्त झाला, तरी बोस्टनकर का भडकले?

मागच्या अंकात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर एक छोटी चौकट छापली होती. तिच्यात एक वाक्य होतं की 1773 साली बोस्टनच्या बंदरात जो चहा बुडवला तो आधीपेक्षा स्वस्त मिळणार होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं टाकली नाहीत, लांबलेल्या पत्रांना कात्री लावलीय, राग मानू नका.

इंग्लंडने फ्रेंचांशी लढून या वसाहतींना वाचवलं, कर्ज डोक्यावर घेतलं, मग थोडा टॅक्स मागितला तर बिघडलं कुठे? मला तर हे लोक कृतघ्न वाटतात.

लंडनमध्ये बहुतेकांना अगदी असंच वाटत होतं आणि नुसता हिशोब बघितला तर त्यांचं फार चुकतही नव्हतं. 1763 मध्ये पॅरिसचा तह झाला, फ्रान्सने कॅनडा सोडला, ब्रिटन जिंकलं, पण सरकारी कर्ज जवळपास दुप्पट होऊन 13 कोटी पौंडांच्या आसपास गेलं. वर अमेरिकेत सुमारे 10,000 सैनिक कायमचे ठेवायचं ठरलं, त्यांचा खर्च वेगळा. इंग्लंडमधला माणूस आधीच टॅक्सखाली वाकलेला, सफरचंदाच्या दारूवर नवीन कर लावला तर तिथेही दंगे झाले, तेव्हा पंतप्रधान ग्रेनव्हिल म्हणाला की समुद्रापलीकडच्यांनी निदान स्वतःच्या रक्षणाचा थोडा वाटा उचलावा.

आता पलीकडून बघा. वसाहतवाल्यांचं म्हणणं असं की युद्धात आमचीही पोरं मेली, आमच्या विधानसभांनीही पैसे उभे केले, आणि आता फ्रेंच गेल्यावर हे सैन्य नेमकं कोणाविरुद्ध ठेवताय? त्यातच राजाने त्याच वर्षी जाहीरनामा काढला की अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पलीकडे गोऱ्यांनी वस्ती करायची नाही, ती जमीन मूळ रहिवाशांची. ज्या जमिनीवर डोळा ठेवून लोक लढले तीच बंद. यात गरीब शेतकरी होते तसे जमिनीचा सट्टा खेळणारे बडे लोकही होते, जॉर्ज वॉशिंग्टन त्यातलाच एक, हे शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.

मग 1764 चा शुगर अ‍ॅक्ट. यातली गंमत म्हणजे परक्या काकवीवरचा कर गॅलनला 6 पेन्सवरून 3 पेन्सवर आणला, म्हणजे कमी केला, तरी लोक भडकले. कारण आधीचे 6 पेन्स कोणी भरतच नव्हतं! न्यू इंग्लंडमध्ये काकवीपासून रम व्हायची, काकवी फ्रेंच बेटांवरून चोरून यायची, कस्टमवाल्याच्या हातावर काहीतरी टेकवलं की तो कानाडोळा करायचा, वर्षानुवर्षं असंच चाललेलं. आता नौदलाची जहाजं गस्तीला आली आणि पकडलेल्यांचा खटला पार कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या सागरी कोर्टात नेता येईल अशी सोय झाली, तिथे ज्युरी नाही, एकटा जज्ज निकाल देणार. कर अर्धा झाला पण वसुली खरी सुरू झाली, दुखणं ते होतं.

आणि 1765 चा स्टॅम्प अ‍ॅक्ट. वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, जमिनीचे करार, पदवीचं सर्टिफिकेट, पत्त्यांचा कॅट, जुगाराचे फासे, सगळ्यावर सरकारी शिक्का, आणि तोही रोख चलनात, ज्याची तिथे कायम टंचाई. मला विचाराल तर कुठल्याही सरकारने इतका अडाणी टॅक्स क्वचितच लावला असेल, रक्कम मोठी होती म्हणून नव्हे, तर तो नेमका वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले यांच्यावर पडला म्हणून. म्हणजे बोलणारे, छापणारे आणि ज्यांच्याकडे बसून लोक बोलतात ते, तिघांनाही एकाच दिवशी दुखावलं. नोव्हेंबरपासून कायदा लागू व्हायचा होता, पण त्याआधीच ऑगस्टमध्ये बोस्टनला स्टॅम्प वाटायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला, त्याच्या घरावर दगड पडले, त्याने राजीनाम्याचं कबूल केलं. बाकी वसाहतींमध्येही स्टॅम्प वाटणारे एकेक करून पाय मागे घेत गेले, वाटायला माणूसच नाही तर टॅक्स कसला.

1766 च्या मार्चमध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्याच दिवशी दुसरा कायदा पास केला की वसाहतींवर हवा तो कायदा, हव्या त्या बाबतीत करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. अमेरिकेत लोक शेकोट्या पेटवून नाचत होते, हा दुसरा कागद फार थोड्यांनी नीट वाचला.

पार्लमेंटमध्ये अमेरिकेला पाच-पन्नास जागा देऊन टाकल्या असत्या तर विषय मिटला नसता का? घोषणा तर "प्रतिनिधित्व नाही तर कर नाही" अशीच होती ना?

घोषणा तशी होती, पण जागा त्यांना नकोच होत्या. ऑक्टोबर 1765 मध्ये नऊ वसाहतींचे लोक न्यूयॉर्कला जमले होते, त्यांनी ठरावातच लिहून टाकलं की आमची परिस्थिती बघता लंडनच्या सभागृहात आमचं प्रतिनिधित्व होऊच शकत नाही. बरोबरच आहे, जहाजाने जायला-यायला महिने लागायचे, आणि चार टाळकी तिथे बसवली असती तर प्रत्येक मतदानात हरली असती, वर म्हणायला मोकळे की आता तर तुमचीही माणसं आहेत.

लंडनचं उत्तर होतं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही खासदार नाही, ते कुठे कुरकुर करतात, पार्लमेंटचा प्रत्येक सदस्य सगळ्या साम्राज्याचा विचार करतो. यावर बोस्टनच्या जेम्स ओटिसने सरळ म्हटलं की नसतील तर त्यांनाही द्या. (तेव्हा ओल्ड सेरम नावाच्या जवळपास ओसाड टेकाडाला मात्र दोन खासदार होते, हे आठवून बघा.)

खरा मुद्दा वेगळा होता. व्हर्जिनियात 1619 पासून लोकांनी निवडलेली सभा बसत होती, बाकी वसाहतींमध्येही तशा सभा होत्या. कर तीच लावायची आणि बऱ्याच ठिकाणी गव्हर्नरचा पगारही तीच मंजूर करायची. म्हणजे राजाने पाठवलेला साहेब कितीही मोठा असला तरी त्याच्या पगाराची दोरी गावच्या लोकांच्या हातात. 1767 मध्ये ब्रिटनचा अर्थमंत्री टाउनशेंड याने काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर जकात लावली तेव्हा नेमकी इथेच पाचर मारली, कारण त्या पैशातून गव्हर्नर आणि जज्ज यांचे पगार द्यायची तरतूद त्यात होती. एकदा का साहेबाचा पगार परस्पर निघायला लागला की तो सभेला कशाला विचारेल? आपल्याकडे म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, त्यांचं सगळं भांडण या एका म्हणीत बसतं.

मग चहाचं काय? स्वस्त चहा कोणाला नको असतो?

टाउनशेंडच्या जकातींवर वसाहतींनी ब्रिटिश मालाचा बॉयकॉट केला, बायकांनी घरी सूत कातलं, बोस्टनमध्ये दंगे नकोत म्हणून 1768 मध्ये पलटणी उतरवल्या आणि त्यानेच दंगे वाढले. पगार अपुरा म्हणून शिपाई रिकाम्या वेळेत कमी मजुरीत कामं धरायचे, त्यामुळे दोरखंडाच्या कारखान्यातल्या कामगारांशी त्यांची हाणामारी झाली आणि तीनच दिवसांनी, 5 मार्च 1770 ला, कस्टम हाउससमोर गोळीबार होऊन पाच जण मेले. जॉन अ‍ॅडम्सने या शिपायांचं वकीलपत्र घेतलं आणि बहुतेकांना सोडवलंही. त्याच वर्षी पार्लमेंटने बाकी सगळ्या जकाती काढल्या आणि एकच ठेवली, चहावर पौंडाला 3 पेन्स. पैशासाठी नव्हे, अधिकार आहे हे दाखवायला.

मग 1773 चा टी अ‍ॅक्ट. आधी ईस्ट इंडिया कंपनीला चहा लंडनला लिलावात विकावा लागायचा, तिथून व्यापारी, मग अमेरिकेतला व्यापारी, असे हात बदलत तो पोचायचा. आता कंपनीला थेट अमेरिकेत माल पाठवायची परवानगी मिळाली, इंग्लंडमधली जकातही माफ, त्यामुळे चोरून येणाऱ्या डच चहापेक्षाही तो स्वस्त पडणार होता. पण ते 3 पेन्स कायम. म्हणजे स्वस्त म्हणून विकत घेतला की टॅक्स मान्य केल्यासारखंच, आणि तोवर बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा पगार याच जकातीतून द्यायचं सुरूही झालं होतं. शिवाय विक्री फक्त कंपनीने निवडलेल्या एजंटांकडे, बोस्टनच्या एजंटांमध्ये गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे! बाकी व्यापारी आणि स्मगलर दोघेही एका झटक्यात बाद. तत्त्व आणि धंदा इतके एकमेकांत गुंतलेले की वेगळे करायच्या फंदात मी पडत नाही.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाने जहाजं परत पाठवली, चार्ल्सटनमध्ये चहा उतरवून तळघरात टाकला. बोस्टनला हचिन्सन हट्टाला पेटला, जकात भरल्याशिवाय जहाज बंदराबाहेर जाऊ देणार नाही म्हणाला, आणि नियमाप्रमाणे 20 दिवसांत जकात भरली नाही तर कस्टमवाले माल जप्त करणार होते. ती मुदत संपायच्या आदल्या रात्री, 16 डिसेंबरला, तोंडाला काजळी फासून, मोहॉक लोकांसारखा वेष करून माणसं तीन जहाजांवर चढली आणि तीनेक तासांत 342 पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या केल्या. ओहोटी होती, पाणी कमी, चहाचे ढीग जहाजाच्या कडेला वर यायला लागले तसे पोरं उतरून ते पाण्यात ढकलत होती. बाकी कशाला हात लावायचा नाही असा कडक दंडक. एक कुलूप फुटलं तर नवीन आणून दिलं, एकाने कोटाच्या अस्तरात चहा कोंबला तर त्याचे कपडे उतरवून धिंड काढली. नुकसान साडेनऊ हजार पौंडांहून जास्त.

ही ईस्ट इंडिया कंपनी आपलीच का? म्हणजे तो चहा आपल्याकडचा होता?

कंपनी तीच, चहा मात्र चीनचा. आसामचे मळे अजून खूप दूर होते. पण बंगालचा संबंध आहे. 1765 मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, तिच्या जोरावर लंडनमध्ये शेअर चढले, मग 1770 चा भयंकर दुष्काळ, लष्कराचा खर्च, अधिकाऱ्यांची लूट, आणि 1772 पर्यंत कंपनी बुडायला आली, गोदामांत लाखो पौंड चहा पडून. तिला वाचवायला म्हणून टी अ‍ॅक्ट केला, हे तर वड्याचं तेल वांग्यावर काढणं झालं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत तेव्हा उघड लिहून यायचं की या कंपनीने बंगालचं काय केलं ते बघा, उद्या आपली पाळी.

तक्रारी तर सगळीकडेच असतात. तक्रार संपून क्रांती सुरू झाली असं एका दिवसावर बोट ठेवता येईल का? (स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, नेमकं उत्तर द्या)

परीक्षेत 19 एप्रिल 1775, लेक्झिंग्टन आणि कॉन्कर्डची लढाई, असंच लिहा, मार्क त्यालाच आहेत. माझं मत मात्र वेगळं आहे, क्रांती त्याआधी सात-आठ महिने, गावागावांत, एकही गोळी न झाडता होऊन गेली होती.

चहाची शिक्षा म्हणून 1774 मध्ये पार्लमेंटने कडक कायदे केले. चहाचे पैसे भरेपर्यंत बोस्टन बंदर बंद, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्याचा परिणाम उलटा झाला, कारण इतर वसाहतींना वाटलं आज बोस्टन तर उद्या आपण, आणि साउथ कॅरोलायनाहून तांदूळ, कनेटिकटहून मेंढरं असं बोस्टनला यायला लागलं. पण जास्त जिव्हारी लागला तो दुसरा कायदा, मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलणारा. वरच्या सभागृहाचे सदस्य आता राजा नेमणार, जज्ज गव्हर्नर नेमणार, आणि गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. बोस्टनपासून लांब, खेड्यात राहणाऱ्या ज्या शेतकऱ्याने बंदरही पाहिलेलं नाही त्याच्याही दारात हा कायदा आला, कारण कर्ज थकलं की त्याच्या जमिनीचा निकाल देणारा जज्ज आता परस्पर नेमला जाणार होता.

6 सप्टेंबर 1774 चं वुस्टर गाव बघा. कोर्ट उघडायचा दिवस. आजूबाजूच्या 37 गावांतून साडेचार हजारांवर माणसं आपापल्या गावाच्या तुकडीत आली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली. जज्ज आणि कोर्टाच्या अधिकाऱ्यांना हातात हॅट धरून या दोन रांगांमधून चालत जावं लागलं आणि चालताना, मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून, आम्ही नव्या कायद्याखाली काम करणार नाही हा माफीनामा तीसेक वेळा वाचावा लागला. मारहाण नाही, रक्तपात नाही. बोस्टनच्या बाहेर जवळजवळ सगळ्या मॅसॅच्युसेट्समध्ये राजाची कोर्टं अशीच बंद पडली आणि हचिन्सनच्या जागी गव्हर्नर म्हणून आलेल्या जनरल गेजचा हुकूम शहराबाहेर चालेनासा झाला.

त्याच सुमारास फिलाडेल्फियात बारा वसाहतींची काँग्रेस बसली (जॉर्जिया आली नव्हती) आणि तिने बॉयकॉट ठरवला. असे बॉयकॉट आधीही झाले होते, या वेळी फरक एवढाच की प्रत्येक गावात, शहरात, काउंटीत कमिटी निवडायची, तिने कोण काय विकतो ते बघायचं आणि मोडणाऱ्याचं नाव पेपरात छापायचं. अर्ज करणारे लोक आता दुकानांच्या वह्या तपासायला लागले, दंड ठरवायला लागले, पुढे दारूगोळाही जमवायला लागले. माझ्या मते क्रांती ती हीच. अर्ज-विनंत्यांची भाषा तीच राहिली, राजाला निष्ठेची पत्रं जात राहिली, पण कारभार हातातून गेलेला होता. कमिट्यांनी दादागिरीही भरपूर केली, डांबर फासून पिसं चिकटवणं हा प्रकार नुसता वाचायला विनोदी वाटतो, गरम डांबराने कातडी सोलून निघायची.

19 एप्रिलला गेजने शस्त्रं जप्त करायला कॉन्कर्डला पलटण पाठवली, वाटेत लेक्झिंग्टनला आठ जण मेले, परतीच्या रस्त्यावर झाडा-भिंतींआडून शेतकऱ्यांनी इतक्या गोळ्या घातल्या की सत्तरहून जास्त ब्रिटिश मारले गेले. त्या लढाईतला लेव्ही प्रेस्टन नावाचा माणूस नव्वदीत पोचल्यावर त्याला एका तरुणाने विचारलं की स्टॅम्प टॅक्सने गांजला होतात का, तर म्हणे स्टॅम्प कधी पाहिलाच नाही. चहाचा टॅक्स? चहाचा थेंब पीत नव्हतो. मग स्वातंत्र्यावरची मोठमोठी पुस्तकं वाचली असतील? बायबल, स्तोत्रं आणि पंचांग सोडून काही वाचलं नाही. मग लढलात कशाला? तर आमचा कारभार आम्हीच बघत होतो आणि बघणार होतो, त्यांना ते नको होतं, एवढंच.

भांडण पार्लमेंटशी होतं, मग स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळ्या शिव्या राजालाच का?

छान पकडलंत. 4 जुलै 1776 च्या जाहीरनाम्यात 27 तक्रारी आहेत, सगळ्या राजावर, पार्लमेंटचं नावसुद्धा नाही. दहा वर्षं वसाहतवाले म्हणत होते की मंत्री वाईट, पार्लमेंट वाईट, राजा बिचारा चांगला, त्याला कोणी खरं सांगत नाही. युद्ध पेटल्यावरही, जुलै 1775 मध्ये, राजाला समेटाचा अर्ज पाठवला. तिसऱ्या जॉर्जने तो घेतलाच नाही, ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर जाहीर केलं आणि मग भाड्याचे जर्मन सैनिक पाठवले. जानेवारी 1776 मध्ये थॉमस पेनचं "कॉमन सेन्स" आलं, त्याने राजेशाहीचीच टर उडवली, तीही साध्या माणसाला कळेल अशा भाषेत. तोवर त्यांचा युक्तिवाद असा झालेला की पार्लमेंटशी आमचं नातं कधी नव्हतंच, होतं ते फक्त राजाशी. मग तोडायचं तर तेवढंच उरलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये जाहीरनामा वाचून दाखवल्यावर 9 जुलैला लोकांनी घोड्यावर बसलेल्या जॉर्जचा शिशाचा पुतळा दोर लावून पाडला आणि त्याच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या, 42,088 भरल्या. हा पुतळा सहाच वर्षांपूर्वी उभारला होता, स्टॅम्प अ‍ॅक्ट रद्द झाल्याची कृतज्ञता म्हणून.

स्वातंत्र्य, स्वातंत्र्य ओरडणाऱ्यांकडे गुलाम होते. याबद्दल कोणी बोलत नाही.

बोलायलाच हवं. 25 लाखांच्या आसपास लोकसंख्या, त्यात सुमारे 5 लाख गुलाम. त्यांनीही ही भाषा ऐकली होती, 1773-74 मध्ये बोस्टनच्या गुलामांनी सरकारकडे अर्ज केले की तुम्ही ज्याला नैसर्गिक हक्क म्हणता तो आम्हालाही द्या. उत्तर मिळालं नाही. नोव्हेंबर 1775 मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम पळून येऊन राजासाठी लढतील ते मोकळे, आणि शेकडोंनी पळून आले. तोपर्यंत कुंपणावर बसलेले अनेक दक्षिणेतले मळेवाले त्या दिवसापासून पक्के क्रांतिकारक झाले! जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनने त्यात गुलामांच्या व्यापाराचं खापरही राजावर फोडलं होतं, तो परिच्छेद काँग्रेसने उडवला. राजाशी निष्ठा ठेवणारे सुमारे 60,000 लोक पुढे देश सोडून गेले, त्यात काळे लोकही होते. आणि डोंगरापलीकडच्या मूळ रहिवाशांचं म्हणाल तर 1763 ची ती रेषा गेली ती गेलीच, 1779 मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमाने इरोक्वॉय लोकांची चाळीसेक गावं पिकांसकट जाळली.

ब्रिटिशांच्या बाकीच्या वसाहती गप्प का बसल्या? जमैका, बार्बाडोस वगैरे?

तिथे गुलाम मालकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त, उठाव झाला तर वाचवायला ब्रिटिश सैन्यच हवं होतं, आणि त्यांची साखर खपायची ती इंग्लंडच्या राखीव बाजारात. स्टॅम्प अ‍ॅक्टवर सेंट किट्समध्येही दंगा झाला होता, पण सैन्य परत न्या असं म्हणायची त्यांची छातीच नव्हती.

यॉर्कटाउनला अमेरिकनांना शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस आणि आपल्या इतिहासातला कॉर्नवॉलिस एकच का?

एकच. 19 ऑक्टोबर 1781 ला तब्येतीचं कारण सांगून त्याने शरणागतीची तलवार द्यायला दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं, आणि 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे आणि निजाम त्याच्या बाजूने होते. त्यावर तीन-चार प्रश्न आलेत, ते पुढच्या अंकात घेतो.